कुलूप काढायच्या आधी

दादा, ई-पुस्तकांच्या जगात आल्या आल्या डीआरएम (फाइलची नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) काढायची टूल्स धुंडाळू नका. आधी कॅलिबर (ई-पुस्तकं सांभाळायचं मोफत सॉफ्टवेअर) टाका, तेही त्याच्या मूळ साइटवरूनच. नवी पेठेत कुणीतरी पेनड्राइव्हवर देतंय म्हणून घेऊ नका, तसल्या ‘एका क्लिकच्या’ फायलींतून व्हायरसच घरात येतो. आणि कॅलिबर स्वतः कुलूप काढत नाही, हेही ध्यानात असू द्या.

- घेण्याआधी विक्रीच्या साइटवरचं पुस्तकाचं पान वाचा. डीआरएम लावायचं की नाही, हे बहुतेक ठिकाणी प्रकाशक ठरवतो. साधं, बिनकुलपाचं ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) असेल तर प्रश्नच मिटला.
- अ‍ॅमेझॉनच्या साइटवरून किंडल पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीनं किंडलमध्ये टाकायची सोय फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. जुने व्हिडिओ बघून डोकं शिणवू नका.
- कुलूप काढलेली प्रत ग्रुपवर टाकायची नाही म्हणजे नाही! तो कॉपीराइटचा भंग आहे; आणि तसा भंग करायच्या इराद्यानं कुलूप तोडणं हाही कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे.

कॅलिबरला जोडायच्या प्लगिनचं (जादा सोयीच्या छोट्या प्रोग्रॅमचं) नंतर बघू.