फ्रिगेटची क्रूझर कशी झाली?

प्रश्न : अमेरिकी नौदलाच्या 'लेही' वर्गातील युद्धनौका काही पुस्तकांत फ्रिगेट, तर काहींत क्रूझर (मोठी युद्धनौका) म्हणून नोंदलेल्या आढळतात. यांतली कोणती नोंद खरी मानावी?

उत्तर : दोन्ही नोंदी आपापल्या काळापुरत्या खऱ्या आहेत. युद्धनौकेचा प्रकार ठरवणारा, सर्व देशांना बंधनकारक असा नियम आज अस्तित्वात नाही. अमेरिकेने १९५० च्या दशकात विमानवाहू नौकांच्या ताफ्याचे रक्षण करणाऱ्या, विनाशिकेहून (डिस्ट्रॉयर, म्हणजे क्रूझरहून लहान, वेगवान युद्धनौका) मोठ्या नौकांना फ्रिगेट म्हणण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये मात्र फ्रिगेट म्हणजे विनाशिकेहून लहान, प्रामुख्याने ताफ्यासोबत जाणारी संरक्षक नौका. अमेरिकेच्या या वेगळ्या नामकरणामुळे सुमारे ५,५०० टनांची सोव्हिएत 'किंडा' क्रूझर गणली जाई आणि तिच्याहून बरीच मोठी 'लेही' फ्रिगेट राही, आणि दोन्ही नौदलांच्या क्रूझरांची संख्या शेजारी मांडली की अमेरिका होती त्यापेक्षा दुबळी दिसे.

३० जून १९७५ रोजी अमेरिकेने ही विसंगती दूर केली. 'लेही' आणि 'बेलनॅप' वर्गांतील नौका क्रूझर ठरल्या, त्यांच्याहून लहान 'फॅरागट' वर्गातील दहा नौका विनाशिका झाल्या आणि 'नॉक्स' वर्गातील संरक्षक नौकांना फ्रिगेट हे नाव मिळाले. हा निव्वळ आकडे फुगवण्याचा प्रकार होता, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. काही नौकांचा दर्जा त्यात खालीही आला.

करारांनीही असे वर्गीकरण घडवले आहे. १९३० च्या लंडन करारात क्रूझरचे दोन गट तोफेच्या व्यासावरून पाडले गेले आणि १५५ मिलिमीटर ही त्यांतली सीमा होती. जपानने 'मोगामी' वर्गातील नौकांवर आधी याच मापाच्या पंधरा तोफा बसवल्या आणि करारातून बाहेर पडल्यावर त्या काढून २०३ मिलिमीटरच्या दहा तोफा चढवल्या. 'टिकॉन्डेरोगा'च्या बाबतीत तर नौका बांधून होण्यापूर्वीच, १९८० मध्ये, विनाशिकेची क्रूझर करण्यात आली. तिचा सांगाडा 'स्प्रूअन्स' विनाशिकेचाच होता, पण एजिस या रडार व क्षेपणास्त्रे एकत्र जोडणाऱ्या यंत्रणेमुळे तिची कामगिरी बदलली होती.

जुने संदर्भ चाळताना अक्षरांसोबत क्रमांकही पाहावा. 'लेही' डीएलजी-१६ ची (डीएलजी म्हणजे क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट) सीजी-१६ (सीजी म्हणजे क्षेपणास्त्रवाहू क्रूझर) झाली, म्हणजे तिचा क्रमांक टिकला. 'फॅरागट' मात्र डीएलजी-६ ची डीडीजी-३७ (डीडीजी म्हणजे क्षेपणास्त्रवाहू विनाशिका) झाली, त्यामुळे तिच्या नोंदी नावावरूनच शोधाव्या लागतात.