विसरायला होतंय, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात आहे. तोवर काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ५६, बोलता बोलता शब्द अडतात, दूध वरचेवर उतू जातं, आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आधी घरात सांगा. डॉक्टर सोबतच्या माणसालाही तितकंच विचारतात. काय विसरलो हे विसरणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

मी कोल्हापूरचा, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. सगळा जन्म नावं आणि आकडे यांत गेला. मागच्या हंगामात सौदा झाला, पट्टी लिहायला घेतली आणि समोरच्या शेतकऱ्याचं नाव येईना. त्याचं गाव माहीत, त्याच्या थोरल्याच्या लग्नाला जेवलेलो. पेनातली शाई संपल्यासारखं केलं, तर त्या भल्या माणसानं खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं!

त्यानंतर रात्री पडल्या पडल्या स्वतःची परीक्षा सुरू. मराठी महिने उलटे म्हणायचे, बिंदू चौकापासून मिरजकर तिकटीपर्यंतची दुकानं ओळीनं आठवायची. एखादं चुकलं की घाम फुटायचा. बरोबर आलं तरी दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. हे तुम्ही करू नका. धास्तीनं झोप जाते, झोप गेली की लक्ष लागत नाही, आणि लक्ष नसताना कानावर पडलेलं डोक्यात राहतच नाही. मग तेही आपण विसरण्याच्या खात्यावर मांडतो.

त्यापेक्षा एक वही करा. तारीख, काय विसरलं, आणि ते नंतर आठवलं का. माझ्या डॉक्टरांचा सगळा रोख त्यावरच होता. नाव तासाभरानं आठवणं वेगळं आणि ती भेट झाली होती हेच पुसलं जाणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकता का, तेच तेच विचारता का, पैशाच्या व्यवहारात गोंधळ होतो का, हे त्यांनी माझ्याआधी बायकोला विचारलं.

रक्तात बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, सोडियम बघतात. माझं बी-१२ कमी निघालं. घरात सगळे हसले, मटणाचा तांबडा-पांढरा ओरपणाऱ्याला कसली आलीय कमतरता! पण मी साखरेसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतो आणि त्यानं बी-१२ अंगात कमी शोषलं जातं. (म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.) घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं. कमी ऐकू येणं, झोपेत घोरताना श्वास अडकणं, मनाची उदासी, हेही सांगा.

कागदावरची चाचणी असते, ३० गुणांची. पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. वजाबाकी मी सौद्याच्या वेगानं केली, पाचातले दोन शब्द मात्र आलेच नाहीत. मोबाइलवर शोधून तिचा सराव करू नका, निकाल खोटा येईल.

मला ‘एमसीआय’ सांगितलंय. म्हणजे वयाच्या मानानं जरा जास्त विसरणं, पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नव्हे. यात काहींचं पुढे वाढतं, काहींचं आहे तिथंच राहतं, काहींचं सुधारतं. माझं कुठलं, ते सहा महिन्यांनी पुन्हा बघायचंय. बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. झोप लागते. नावं अजून अडतात, तेव्हा सरळ म्हणतो, "पावणं, नाव सांगा, डोकं अडलंय." कुणी रागावत नाही.

मात्र अचानक तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हातातली ताकद गेली, किंवा डोक्याला मार लागून गोंधळ वाढत गेला, तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही. तडक सीपीआर (आमचं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.