मफीबोशेथ की मरीब्बाल?

प्रश्न असा आहे : इस्राएलचा राजा शौल याचा मुलगा योनाथान. त्याच्या मुलाचं नाव बायबलच्या २ शमुवेल या पुस्तकात ‘मफीबोशेथ’, तर १ इतिहास या पुस्तकात ‘मरीब्बाल’. ही दोन माणसं का? आणि शेवटचा ‘बाल’ म्हणजे आपला बाळ का?

माणूस एकच. ‘बाल’चा मात्र बाळाशी काही संबंध नाही. हिब्रूत त्या शब्दाच्या मधोमध ‘आयिन’ हे घशातलं अक्षर आहे, म्हणून ‘बआल’ लिहिणं अधिक बरं. बआल म्हणजे स्वामी, मालक, नवरा. आपल्याकडे खेड्यात शेताचा मालकही धनी आणि बाईचा नवराही धनी. अगदी तोच पसारा. इस्राएलचे शेजारी असलेल्या कनानी लोकांचा देवही बआलच.

सुरुवातीला हा शब्द इस्राएलच्या देवालाही चालत असे. पुढे राजा झालेल्या दाविदाला येऊन मिळालेल्या योद्ध्यांत एक ‘बेअल्या’ आहे, म्हणजे ‘याहवे (इस्राएलच्या देवाचं नाव) हाच बआल’. पुढे बआलच्या पूजेविरुद्ध संदेष्टे उभे राहिले आणि शब्द विटाळला. होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, यापुढे मला ‘माझा बआल’ म्हणू नकोस, ‘इशी’, माझा पती, म्हण. लेखनिकांनी मग जुन्या नावांतला बआल काढून तिथे ‘बोशेथ’, म्हणजे ‘लाज’, घातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शौलाचा मुलगा एशबाल झाला ईश-बोशेथ, ‘लाजेचा माणूस’. इस्राएलचा जुना पुढारी गिदोन याचं यरुब्बाल हे दुसरं नावही एका ठिकाणी यरुब्बेशेथ झालं आहे.

एशबाल हे नाव त्या काळी खरोखर ठेवत असत, याचा पुरावाही आहे. इस्राएलमधल्या एला खोऱ्याजवळच्या खिर्बेत कैयाफा या उत्खननस्थळी २०१२ साली एका रांजणाचे तुकडे सापडले. जोडल्यावर अक्षरं लागली : ‘एशबाल बेन बेदा’. रांजण सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. हा शौलाचा मुलगा नव्हे, पण नाव तेच.

मरीब्बालमधल्या ‘मरीब’मागे भांडणाचा, बाजू लढवण्याचा ‘रीव’ हा धातू दिसतो. ‘मफी’ कुणी ‘मिप्पी’, म्हणजे ‘तोंडातून’, असं फोडतात, पण ते मला ओढूनताणून वाटतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना शौल व योनाथान लढाईत मारले गेल्याची बातमी आली, दाई त्याला उचलून पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. त्यामुळे नावातली ‘लाज’ त्याच्या पायांची, असं वाचणाऱ्याला वाटून जातं. तसं मुळीच नाही. ती लाज बआलची आहे. १ इतिहासाच्या आठव्या अध्यायात त्याचं जुनं नाव तसंच ठेवलंय. पुढे त्याचा मुलगा मीखा आणि मग पिढ्यांमागून पिढ्या, थेट ऊलामच्या धनुर्धारी मुलांपर्यंत. मुलं-नातवंडं मिळून दीडशे.