दिवे-पंखे आठवणीने बंद करतो, तरी विजेचं बिल कमी का होत नाही? आणि कचरा कमी करून खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं आहेत, खोलीतून निघताना दिवा बंद करायची सवय सगळ्यांना लागली आहे, मोबाईलचे चार्जरसुद्धा काढून ठेवता, तरी बिल जिथल्या तिथेच. आधी विजेचं बोलते, कारण तिथे उत्तर सरळ आहे. काटकसर तुम्ही करताय, पण जिथे फारसा खर्चच नाही तिथे करताय.

चार्जरचंच घ्या. फोन न जोडता नुसताच लावून ठेवलेला हल्लीचा चांगला चार्जर ०.१ वॉटच्या आसपास खातो. वर्षभर तसाच राहिला तरी त्याचं एक युनिटही होत नाही. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटाच्या आत. आता गिझर बघा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं, आणि गिझर कुठल्याही कंपनीचा आणला तरी ते टळत नाही. तेवढ्या विजेत तो दिवा तेरा दिवस चालतो.

म्हणून मी एकच गोष्ट बघते: हे यंत्र काही तापवतं का, किंवा गार करतं का? गिझर, एसी, हीटर, ओव्हन, इस्त्री, फ्रीज, गरम पाण्यावर चालणारं वॉशिंग मशीन, बिल इथे बनतं. नुसता उजेड, आवाज किंवा चित्र देणारी यंत्रं त्यामानाने किरकोळ. पंखा ताकदीने लहान असला तरी तासन्‌तास फिरतो, म्हणून तोही हिशेबात धरायचा.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मीटरला विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा शेजारीच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, त्या क्षणी घरात किती वॉट जळताहेत ते मिळेल. दर पंधरा सेकंदांनी लुकलुकला तर ७५ वॉट. आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्याने भागून घ्या आणि ११२५ च्या जागी तो भागाकार वापरा. (शाळेतला भागाकार आयुष्यात कधी कामी येतो असं विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर.)

रात्री सगळं बंद करून, फ्रीजचासुद्धा प्लग काही मिनिटं काढून, हा दिवा बघायचा. आमच्याकडे तेव्हाही तो लुकलुकतच होता. मग एकेक प्लग काढत गेले. टीव्ही बंद, पण त्याखालच्या सेट टॉप बॉक्सला हात लावला तर चांगला कोमट. जे उगाचच कोमट लागतं ते वीज खातंय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सतत १० वॉट खाणारी वस्तू वर्षाला जवळपास ८८ युनिटं खाते. त्या चार्जरच्या जवळजवळ शंभरपट. तेव्हा काढायचाच असेल तर हा प्लग काढा.

आता तापवण्याकडे वळू. गिझरचं तापमान ७५ वर ठेवून नंतर त्यात गार पाणी मिसळायचं यात काही अर्थ नाही. ६० पुरे. टाकी जितकी जास्त गरम तितकी ती बाहेरच्या हवेत जास्त उष्णता सोडत राहते, म्हणून दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा आंघोळीच्या आधी लावा आणि आंघोळी एकामागोमाग उरका. कपडे गार पाण्यात धुवा. गरम पाण्याच्या धुलाईत मोटरपेक्षा पाणी तापवण्यातच बहुतेक वीज जाते, आणि रोजच्या घामाधुळीच्या कपड्यांना त्याची गरज नसते.

स्वयंपाकातली एक गोष्ट मात्र बहुतेकांना पटत नाही. उघड्या पातेल्यातलं पाणी एकदा उकळलं की आच कितीही मोठी करा, ते साधारण १०० अंशांच्या पुढे जात नाही. मोठ्या आचेने पदार्थ लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. आणि वाफ फार महाग पडते. खोलीच्या तापमानाचं एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास सातपट ते सगळं पाणी वाफ करून उडवायला लागते. तेव्हा उकळी फुटली की झाकण ठेवा आणि आच बारीक करा. प्रेशर कुकर वेळ वाचवतो तो कोंडलेल्या वाफेमुळे आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं म्हणून. तिथेही शिट्टी व्हायला लागल्यावर आच मोठी ठेवायचं कारण नाही.

एसी असेल तर तापमान एका अंशाने वर घेतलं की साधारण ५-६ टक्के वीज वाचते असं धरून चाला. पंखा सोबत लावला तर तो वरचा अंश जाणवतही नाही. जाळी धुळीने भरली असेल तर आधी ती धुवा. फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावा. तो सहज सुटून आला तर रबर सैल झालंय, गार हवा तिथून बाहेर चाललीय. नवा फ्रीज लागत नाही, नवं रबर लागतं.

नवीन यंत्रं घ्यावीत का? पंख्यांपुरतं बोलायचं तर जुना ७५ वॉटचा पंखा रोज बारा तास फिरत असेल तर महिन्याला २७ युनिटं खातो, ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ११. फरक १६ युनिटांचा. तुमच्या दराने गुणून बघा आणि किंमत किती महिन्यांत वसूल होते ते काढा. सतत चालणाऱ्या पंख्याचा हिशेब बसतो, पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याचा बसत नाही. बचतीच्या नावाखाली घरभर खरेदी करणाऱ्यांचं मला कायम नवल वाटतं.

कचऱ्याचं गणित जरा वेगळं. डबा हलका झाला म्हणून कोणी पैसे देत नाही. पैसे वाचतात ते डब्यात गेलेली वस्तू पुन्हा विकत आणायची थांबते तेव्हा. आणि त्यात सगळ्यात महाग कचरा अन्नाचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलं-दुकानांतून नाही, घरांमधून. माणशी वर्षाला ७९ किलो. तुमच्या चौघांना हा सरासरी आकडा लावला तर तीन क्विंटलच्या वर जातो. तेवढं नसेलही, पण डब्यात काय पडतंय ते आठवडाभर फ्रीजच्या दारावर कागद चिकटवून लिहून बघा. टाकून दिलेल्या वस्तूंमध्ये त्याच त्या दोन-तीन पुन्हा पुन्हा दिसतील. त्या कमी आणायच्या, बस. मोठं पाकीट किलोमागे स्वस्त पडतं हे खरं, पण संपलं तर.

फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून राखून ठेवा. उरलेलं आणि अर्धवट वापरलेलं सगळं तिथेच, झाकणातून आत दिसेल अशा डब्यांत. मागच्या कोपऱ्यात ढकललेला डबा आठवतो तो वास यायला लागल्यावरच. पाकिटावरच्या तारखांचाही गोंधळ असतो. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम. नंतर ती वस्तू लगेच खराब होते असं नाही, वास-रूप बघून ठरवता येतं. 'यूज बाय' मात्र सुरक्षिततेची तारीख आहे, तिथे काटकसर नको.

गळका नळ हाही कचराच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर पाणी, आणि ते पंपाने वर चढवत असाल तर त्याच्या विजेसकट. बहुतेक वेळा आतला वायसर बदलला की काम होतं.

ओल्या कचऱ्याचं घरी खत करण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. त्यातून पैसे वाचतील ही आशा ठेवू नका, कुंड्यांना खत मिळेल एवढंच. करणार असाल तर ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळकी पानं किंवा पुठ्ठ्याचे बारीक तुकडे टाका आणि अधूनमधून खालीवर करा. वास आला तर ओल जास्त झाली आहे किंवा हवा पोचत नाहीये. आणखी कोरडं घालून ढवळलं की दोन-चार दिवसांत तो जातो.