वाचकांचे प्रश्न : वर्तन वाईट, पण महाभियोगाइतके?

प्रश्न : महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत विषय आहे, ‘राष्ट्राध्यक्षांचे वर्तन महाभियोगास पुरेसे कारण ठरते का?’ मी विषयाच्या बाजूने बोलणार आहे. मुद्दे भरपूर आहेत, पण सरावात ‘मग त्याने काय होतं?’ असं कुणी विचारलं की अडते. काय करू?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : वर्तन वाईट होते एवढेच तुम्ही सिद्ध करत असाल, तर अडणारच. आधी देश ठरवा, कारण कसोटी देशागणिक बदलते. आपल्या संविधानाच्या कलम ६१ मध्ये आधार एकच आहे : संविधानाचे उल्लंघन. अमेरिकेच्या संविधानात देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन’ असे शब्द आहेत. दीडशे वर्षांहून अधिक काळ सगळा वाद त्या ‘इतर’मध्ये काय बसते यावरच चालला आहे. तुमचे भाषणही तिथेच उभे राहायला हवे.

मग आरोप एका वाक्यात लिहा : कोणते कृत्य, केव्हाचे, कोणत्या तरतुदीविरुद्ध. यापुढे तीन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध करा. कृत्य घडले का? ते त्या तरतुदीत बसते का? आणि बसत असले, तरी पुढच्या निवडणुकीपर्यंत का थांबू नये? बहुतेक स्पर्धक पहिल्यावर सगळा वेळ घालवतात आणि तिसऱ्याला हातच लावत नाहीत. तुम्हाला अडवणारा प्रश्न हा तिसराच आहे. त्याचे सर्वांत भक्कम उत्तर असे : पदाचा वापर करून निवडणूक किंवा तपासच बिघडवला असेल, तर निवडणुकीची वाट पाहणे हा उपाय उरत नाही.

उदाहरणे निवडताना सांभाळा. अमेरिकेत प्रतिनिधिगृह आरोप ठेवते आणि सिनेट त्यावर निकाल देते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोग झाला, असे व्यासपीठावरून सर्रास ठोकून दिले जाते. जुलै १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने तीन आरोप मंजूर केले, पण पूर्ण सभागृहाचे मतदान होण्याआधीच, ९ ऑगस्टला, ते पदावरून गेले. क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवले. १९९९ मध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. खोट्या साक्षीच्या आरोपावर ४५ विरुद्ध ५५, न्यायात अडथळ्याच्या आरोपावर ५०-५० मते पडली. हे उदाहरण तुमच्या विरोधकाच्या कामाचे आहे : खोटेपणा मान्य असूनही तो पदावरून काढण्याइतका नाही, असे म्हणता येते. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असा दोनदा आरोप झाला. २०२१ मध्ये ५७ सिनेटर ‘दोषी’ म्हणाले, पण हवे होते शंभरपैकी ६७, म्हणजे दोन-तृतीयांश. सुटका झाली म्हणजे वर्तन योग्य ठरले, असा अर्थ कुणी काढला तर हा आकडा पुढे करा.

साताऱ्यात बोलताना माहुलीच्या रामशास्त्र्यांचे नाव हमखास निघते. माझ्या मते ते निघायलाच हवे, पण नीट. रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या खुनाचा दोष राघोबादादांवर ठेवला. दोषी ठरलेल्या पेशव्याला दूर करण्याची कायदेशीर वाट मात्र नव्हती. ते काम बारभाईंना कारस्थान करून करावे लागले आणि सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणावी लागली. ठरलेली प्रक्रिया नसली की काय होते, हे सांगायला याहून जवळचा दाखला नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य एकत्र आले की सरपंचावर अविश्वास येतो. राष्ट्रपतींना काढणे एवढे अवघड का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : अविश्वास ठरावात आरोप सिद्ध करावा लागत नाही, तहसीलदारांना नोटीस, विशेष सभा आणि कायद्याने ठरलेले बहुमत लागते. गैरवर्तनाबद्दल सरपंचाला काढायचे, तर ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ३९ लागते आणि तिथे चौकशी होते. महाभियोग या दुसऱ्या वाटेच्या जवळचा आहे.

संसदेच्या कोणत्याही एका सभागृहात सुरुवात होते. एकूण सदस्यांपैकी किमान एक-चतुर्थांश सह्या आणि १४ दिवसांची लेखी नोटीस. मग ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांशांनी मंजूर व्हायला हवा, हजर असलेल्यांच्या नव्हे. ५४३ च्या लोकसभेत म्हणजे १३६ सह्या आणि ३६२ मते. त्यानंतर दुसरे सभागृह आरोपाची चौकशी करते किंवा करवते. राष्ट्रपतींना तिथे स्वतः हजर राहण्याचा किंवा प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क आहे. तिथेही दोन-तृतीयांश मिळाले, तरच पद जाते. हिशेबात एक चूक नेहमी होते : राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदार मत देतात, महाभियोगात देत नाहीत, उलट नामनियुक्त खासदार निवडणुकीत नसतात, इथे असतात. आजवर एकाही राष्ट्रपतीला असे काढलेले नाही.

प्रश्न : राज्यपालांवर महाभियोग चालवता येतो का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. कलम १५६ नुसार राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. ही मर्जी मनमानी पद्धतीने वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बी. पी. सिंघल प्रकरणात स्पष्ट केले आहे.