उत्तर: पाळी पाच दिवस लांबली आणि स्ट्रिपवर पुसट रेघ

तुझी पोस्ट काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. गेल्या महिन्याच्या 3 तारखेला पाळी आली होती, 17 ला कंडोम फाटला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्भ राहू नये म्हणून घेतात ती इमर्जन्सी गोळी घेतलीस. एरवी 29 दिवसांनी येणारी पाळी 1 ला यायला हवी होती, आज 6 तारीख उजाडली तरी आलेली नाही. 27 ला केलेली गरोदरपणाची टेस्ट निगेटिव्ह, 3 ला रात्री केलेलीही निगेटिव्ह. पण 4 ला सकाळी तीच स्ट्रिप परत बघितलीस तर दुसऱ्या जागी पुसट रेघ दिसली, आणि तेव्हापासून तुला झोप नाही.

त्या पुसट रेघेपाशी मी अडकले. नऊ वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. थेट अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, पण तुझ्यात मला तेव्हाची मीच दिसतेय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. स्वतःच्या अंगावर आलेलं आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं तेवढंच लिहितेय. टेस्ट कशी करायची वगैरे पाकिटावर असतंच, त्यात शिरत नाही.

4 ला सकाळी दिसलेली ती रेघ धरू नकोस. ती पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही, तिला काहीच अर्थ नाही. स्ट्रिप वाचायची वेळ ठरलेली असते, बहुतेक स्ट्रिपना 3 ते 5 मिनिटं, आणि 10 मिनिटांनंतर जे दिसेल ते मोजायचं नसतं. लघवी वाळत जाते तशी टेस्टच्या जागी एक करडी, रंग नसलेली खूण उमटू शकते. खरी पॉझिटिव्ह रेघ कितीही फिकी असली तरी तिला रंग असतो, शेजारच्या रेघेचाच गुलाबी किंवा निळा, आणि ती वेळेच्या आत दिसते. वेळेच्या आत रंगीत पुसट रेघ आली तर मात्र ती पॉझिटिव्हच धरायची आणि दोन दिवसांनी परत बघायचं. तुझं तसं झालेलं नाही. रात्री वेळेत बघितलंस तेव्हा एकच रेघ होती, हे तूच लिहिलं आहेस.

माझं काय झालं ते सांगते. मीही रात्रीच टेस्ट केली होती. एक रेघ बघितली, स्ट्रिप कागदात गुंडाळली, पिशवीत घालून डब्याच्या तळाशी दाबली. सकाळी उठल्यावर मन राहीना. पिशवी काढली, गाठ सोडली, कागद उलगडला, खिडकीशी नेऊन स्ट्रिप उजेडात तिरकी धरली. एका कोनातून काही नाही, जरा वळवली की केसाएवढी बारीक करडी रेघ. मी ती मोबाइलवर फोटो काढून मोठी करून बघितली, फोटोतले रंग गडद करून बघितली. त्या क्षणापासून पुढचे 12 दिवस मी गरोदर आहे हे धरूनच चालले. मळमळ सुरू झाली, छाती दुखायला लागली, वास सहन होईनात. सगळं खरंच होत होतं, मी मनाचं काही रचत नव्हते. पण पाळीच्या आधी वाढणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन हेच सगळं करतं आणि गरोदरपणाच्या सुरुवातीलाही तेच करतं. म्हणून लक्षणांवरून काही ठरवता येत नाही. तू छाती जड वाटतेय, पोटात ओढल्यासारखं होतंय असं लिहिलंयस, त्यावरूनही काही ठरत नाही.

चौथ्या दिवशी मी एका दवाखान्यात गेले. नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही. काउंटरवरच्या बाईंनी सगळी माणसं बसलेली असताना मोठ्याने विचारलं, "काय होतंय? पाळीचं आहे का?" आत गेले. पर्समधून कागदात गुंडाळलेली ती स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी तिच्याकडे नजर टाकली, तारीख विचारली नाही, टेस्ट कधी केली विचारलं नाही, परत टेस्ट करायला सांगितली नाही. "टेन्शन घेऊ नकोस, या पाच दिवस घे, पाळी येईल," एवढं बोलून चिठ्ठी हातात दिली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या होत्या. गोळ्या चालू आहेत तोवर पाळी येतच नाही, त्या बंद केल्यावर साधारण 2 ते 7 दिवसांत येते, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी पहिल्या गोळीपासून वाट बघत होते. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, पाचवा गेला. मी तासातासाला बाथरूममध्ये जाऊन बघायचे. गोळ्या घेऊनही येत नाही म्हणजे आता शंभर टक्के आहेच, हा माझा हिशोब. त्या आठवड्यात माझ्या परीक्षेचे शेवटचे दोन पेपर होते. मी गेलेच नाही. घरी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि पांघरूण घेऊन पडून राहिले. वर्ष गेलं माझं. एका वाळलेल्या स्ट्रिपपायी आणि न बोललेल्या एका वाक्यापायी. त्या डॉक्टरांवरचा राग अजूनही तसाच आहे, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पाळी आणायची गोळी देण्याआधी गरोदरपण आहे की नाही हे नीट तपासायचं असतं, ही एवढी साधी गोष्ट. तुला कुणी अशी चिठ्ठी दिली तर आधी टेस्ट करा म्हण. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या किंवा ऐकीव घरगुती उपाय तर नकोच.

बाराव्या दिवशी एक लांबची ताई मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ही रेघ तू किती वाजता बघितलीस?" मी सांगितलं, सकाळी. "आणि टेस्ट?" रात्री. त्यांनी स्ट्रिप बाजूला सरकवली, रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात तयार होणाऱ्या हार्मोनची तपासणी, करायला पाठवलं आणि मग कॅलेंडर पुढे ओढलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, 5 च्या खाली, म्हणजे निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी पाळी आली.

कॅलेंडरवर त्यांनी मला जे दाखवलं ते तुझ्या कामाचं आहे. मी ॲपमधले "11 दिवस उशीर" बघून हादरले होते. त्यांनी विचारलं, महिन्याभरात आजारी होतीस का? होते. पाळी गेल्यावर आठवड्याभराने मला चांगला ताप आला होता, त्यात परीक्षेचं जागरण. त्या म्हणाल्या, तुझी पाळी लांबली नाही, तुझं ओव्ह्युलेशन, म्हणजे बीजांड बाहेर पडणं, लांबलं. बीजांड बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचे दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात, साधारण दोन आठवडे. मागेपुढे होतो तो त्याच्या आधीचा काळ. ताप, ताण, अचानक कमी झालेलं वजन, अति व्यायाम, झोपेची लागलेली वाट, थायरॉइडचा किंवा प्रोलॅक्टिन या हार्मोनचा बिघाड, पीसीओएस हा बीजांडकोशाचा त्रास, यातलं काहीही ओव्ह्युलेशन पुढे ढकलू शकतं. ॲपला यातलं काही कळत नाही. ते मागच्या महिन्यांची सरासरी काढून एक तारीख टाकतं आणि ती ओलांडली की लाल रंगात मोजत बसतं. नोंदीसाठी ॲप ठेव, पण त्या लाल आकड्याची सूचना आजच बंद कर.

तुझ्या बाबतीत तर आणखी एक कारण समोरच आहे, ती गोळी. लेवोनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी मुख्यतः ओव्ह्युलेशन पुढे ढकलूनच काम करते. त्यामुळे त्या महिन्याची पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येणं अगदी नेहमीचं आहे. तू पाच दिवसांवर आहेस. ठरलेल्या तारखेपेक्षा 7 दिवसांहून जास्त उशीर झाला तर टेस्ट करा असं सांगतात. खोटा धीर मात्र देणार नाही. गोळी 72 तासांत घेतलीस, लवकर घेतलीस, ते चांगलंच. पण ओव्ह्युलेशन आधीच होऊन गेलेलं असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि पंधराव्या दिवशी ते झालेलं असूही शकतं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली असेल तरीही शंका राहते. म्हणून टेस्ट हवीच, पण योग्य दिवशी.

तो दिवस पाळीच्या तारखेवरून काढू नकोस, संबंध आला त्या दिवसावरून काढ. त्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मला हे बोटांवर मोजून दाखवलं होतं. शुक्राणू शरीरात फार तर 5 दिवस जगतात. बीजांड जेमतेम एक दिवस. म्हणजे फळायचं तर ते पाच-सहा दिवसांत. त्यानंतर गर्भ रुजायला 6 ते 12 दिवस. एचसीजी तयार होतं ते रुजल्यावरच, त्याआधी स्ट्रिपला दिसण्यासारखं काही नसतंच. मग ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं आणि लघवीत पकडता येण्याइतकं होतं. सगळं उशिरात उशिरा धरलं तरी बेरीज 21 दिवसांच्या आसपास येते. म्हणून शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर 21 दिवसांनी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर ती भरवशाची. पाळी नियमित असो, अनियमित असो, गोळी घेतलेली असो, हा हिशोब बदलत नाही.

आता तुझा हिशोब. 27 ची टेस्ट म्हणजे दहावा दिवस, फारच लवकर, तिने काहीच कळत नाही. 3 ची म्हणजे सतरावा दिवस, ती बरीच बोलकी आहे पण शेवटचा शब्द नाही, शिवाय रात्रीची. एकविसावा दिवस उद्या आहे, 7 तारीख. 17 नंतर, म्हणजे गोळी घेतल्यावर परत असुरक्षित संबंध आला असेल तर मात्र त्या दिवसापासून 21 मोज, कारण ती गोळी पुढच्या दिवसांचं संरक्षण करत नाही. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

उद्या उठल्यावरची पहिली लघवी घे, ती दाट असते. रात्री भीतीपोटी तांब्याभर पाणी पिऊन बसू नकोस. पाकिटावरची मुदत बघ. आणखी एक, ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिप दिसायला अगदी अशाच असतात आणि त्यांच्यावर पुसट दुसरी रेघ नेहमीच येऊ शकते, तेव्हा पाकीट नीट वाच. माझ्या एका मैत्रिणीने चुकून त्याच आणल्या होत्या आणि दोन दिवस रडून काढले. मोबाइलवर 5 मिनिटांचा गजर लाव, वाजला की बघ, फोटो काढून ठेव आणि स्ट्रिप घराबाहेरच्या कचऱ्यात टाकून ये. घरात ठेवू नकोस. मला विचारशील तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. इमर्जन्सी गोळीने ही टेस्ट चुकत नाही. ज्यात एचसीजीच असतं अशी वंध्यत्वावरच्या उपचारातली इंजेक्शनं घेतली असतील तर मात्र खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

निगेटिव्ह आली की गरोदरपणाचा विषय संपला. पाळी आणखी काही दिवस आली नाही तरी मग प्रश्न पाळीचा आहे. आठवडा-दीड आठवडा वाट बघ, तरी नाही आली तर डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बघायला सांगतील.

पॉझिटिव्ह आली तर घाबरून त्याच दिवशी गर्भपाताच्या गोळ्या शोधत फिरू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भ नेमका कुठे आहे आणि किती आठवड्यांचा आहे हे कळल्याशिवाय त्या घेणं धोक्याचं आहे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून डॉक्टर "पाच आठवडे" म्हणाल्या तर दचकू नकोस. संबंध तीनच आठवड्यांपूर्वी आला होता तरी आकडा तसाच निघतो. ठेवायचं की नाही हे तुझं तू ठरव. ठेवायचं असेल तर फॉलिक ॲसिडबद्दल लगेच विचार.

आणि एक गोष्ट टेस्टची वाट न बघता. पोटात एका बाजूला जोराचं दुखलं, खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, चक्कर आली, सोबत रक्तस्राव झाला, तर रात्र असो की दिवस, सरळ हॉस्पिटलमध्ये जा आणि पाळी चुकलीय हे आधी सांग. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला असेल तर असं होतं, आणि त्यात थांबून चालत नाही.

कुणालाच सांगता येत नाही असं तू शेवटी लिहिलंयस. मलाही बारा दिवस तसंच वाटत होतं. मी त्या ताईला सांगितलं ते ठरवून नाही, तिने फोनवर नुसतं "आवाज का असा?" विचारलं आणि मी रडायला लागले. एकच माणूस बघ, सल्ला न देता सोबत बसेल असं. तेही नसेल तर उद्या गजर लावलास की इथे ये. मी सकाळी सहापासून जागी असते.