डोंगरातल्या ‘क्रीक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न शहाद्याच्या एका ताईंचा आहे. कयाकिंगवरचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून (कयाकमधून) प्रवाहात जाण्यावरचा, एक अमेरिकन लेख त्या मराठीत आणत आहेत. त्यात ‘स्टीप, सेल्डम-रन क्रीक’ असं आलंय, म्हणजे तीव्र उताराची, कयाकवाले क्वचितच जातात अशी क्रीक. कोशात क्रीकला ‘खाडी’ दिलीय, पण लेखातलं पाणी तर डोंगरातून कोसळतंय. मग लिहायचं काय?

ताई, खाडी अजिबात नको. भरती-ओहोटीचं पाणी आत शिरतं ती खाडी, ठाण्याची किंवा वसईची. ब्रिटिशांच्या इंग्रजीत क्रीकचा अर्थ तोच, म्हणून आपल्या कोशांतही तोच बसला. अमेरिकेत मात्र नदीहून लहान अशा कुठल्याही वाहत्या पाण्याला क्रीक म्हणतात.

पुण्या-साताऱ्याकडचा माणूस इथे ‘ओढा’ लिहील, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या खानदेशात तोंडी नाला आहे. अडचण एवढीच की शहरात नाला म्हटलं की गटार डोळ्यांपुढे येतं. जळगावकरांना तर थेट लेंडी नाला. म्हणून मी ‘डोंगरी नाला’ लिहीन. सातपुड्यातून सुकी, अनेर, गोमाईला येऊन मिळणारे नाले आठवा. वर पाऊस झाला की काही तासांत फुगतात, ‘नदीले पूर उना’ म्हणत लोक पुलावर जमेपर्यंत निम्मे ओसरतात. ‘सेल्डम-रन’मागचं एक कारणही हेच असतं. पाणी कमी असेल तर कयाक दगडांवर घासते, जास्त असेल तर थांबायला जागा उरत नाही, आणि मधली वेळ फार थोडी मिळते.

खरी गंमत ‘रन’मध्ये, म्हणजे प्रवाहातून कयाक खाली नेण्यात, आहे. ‘नाला उतरणे’ सहज सुचतं, पण मराठीत नदी उतरणे म्हणजे ती ओलांडून पलीकडे जाणे. पाणी उतरलं म्हणजे पूर ओसरला. ‘नदीला उतार आहे का?’ असं जुनी माणसं विचारतात तेव्हा त्यांना नदी पायी ओलांडता येईल का, हे हवं असतं. म्हणजे ‘तीव्र उताराचा नाला उतरले’ हे वाक्य एखाद्या आजोबांनी वाचलं, तर माणूस काठीच्या आधाराने पलीकडे गेला असं त्यांना वाटायचं! मी सरळ लिहीन: ‘धाडधाड कोसळणारा डोंगरी नाला; कयाकवाले त्याच्या वाटेला क्वचितच जातात.’ शब्द वाढले, पण अर्थ शाबूत राहिला.

व्हाइटवॉटरला ‘पांढरं पाणी’ म्हणायला हरकत नव्हती, पण मराठी वाचक लगेच पावनखिंडीच्या वाटेवरच्या पांढरे पाणी गावात पोचतो. ‘फेसाळ पाणी’ बरं. त्यात हवा मिसळलेली असते, म्हणून वल्ह्याला पकड कमी मिळते, हेही त्या शब्दात सुचतं.

‘एडी’ला भोवरा म्हणू नका. मोठ्या दगडामागे पाणी उलटं वळून संथ होतं ती एडी. कयाकवाले तिथे थांबून दम घेतात आणि पुढचा टप्पा न्याहाळतात. आपल्याकडे भोवरा माणूस गिळतो. ‘दगडाच्या आडोशाला थांबलो’ एवढं पुरे. गिळणारी जागा वेगळी. तिला इंग्रजीत ‘होल’ म्हणतात: पाणी कड्यावरून पडून पायथ्याशी परत मागे फिरतं आणि सापडलेली वस्तू तिथेच गरगरत राहते. भरून वाहणाऱ्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकलेला ओंडका पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. भोवरा कुंभाराच्या चाकासारखा आडवा फिरतो, हे पाणी रहाटासारखं उभं फिरतं. मी ‘घुसळण’ सुचवतो. याहून चांगला शब्द कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा, विशेषतः तापीकाठच्या भोई मंडळींनी.

लेखात प्रवाहाचे आकडे ‘सीएफएस’मध्ये असतील, तर बिनदिक्कत क्युसेक लिहा. दोन्ही एकच, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. तापीवरच्या हतनूर धरणाच्या बातम्यांमुळे आपल्याकडे हा शब्द कोणाला नवा नाही. फक्त तिथले आकडे हजारांत असतात आणि अशा नाल्यात दोन-तीनशे क्युसेकही अंगावर येतात, हे एका वाक्यात सांगून टाका.

‘रिव्हर लेफ्ट’साठी ‘डावा तीर’ लिहा. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डावं-उजवं ठरवायचं हा नियम आपल्या पाटबंधाऱ्यांचाही आहे. गिरणेवरचा पांझण डावा कालवा त्याच हिशेबाने डावा.